सुत्तसेंट्रल: 'विविध समाजांतला बौद्ध धर्म' शिकवणाऱ्याच्या नजरेतून

विद्यापीठात 'विविध समाजांतला बौद्ध धर्म' हा पेपर शिकवायचा, म्हणजे एका सेमिस्टरमध्ये मगधापासून जपानपर्यंत आणि अशोकापासून आजच्या काळापर्यंत जायचं. मूळ वाचनं कुठून द्यायची, हा पहिला प्रश्न. छापील खंड ग्रंथालयात एकेकच असतात आणि जुन्या भाषांतरांच्या झेरॉक्सची अक्षरं वाचवत नाहीत. अशा वेळी बहुतेक शिक्षक सुत्तसेंट्रल या संकेतस्थळाकडे वळतात. त्याचं हे परीक्षण पूर्णपणे वर्गाच्या बाजूने आहे. ध्यानासाठी किंवा नित्य पठणासाठी ते कसं आहे, हा विषय इथे नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. चौदा आठवड्यांच्या कोर्सच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी याहून चांगलं साधन नाही. पुढच्या आठ आठवड्यांत मात्र तुम्ही केवळ त्याच्यावर विसंबलात, तर कोर्सचं नाव 'समाज' आणि आत मजकूर फक्त 'ग्रंथ' अशी गत होते.

आधी ते आहे काय, ते पाहू. भिक्खू सुजातो, रॉडरिक बकनेल आणि जॉन केली यांनी सुरू केलेलं हे संकेतस्थळ आरंभीच्या बौद्ध ग्रंथांपुरतं आहे. पाली निकाय (म्हणजे बुद्धाच्या उपदेशांचे संग्रह), चिनी आगम (तशाच संग्रहांची चिनी भाषांतरं), संस्कृत आणि गांधारीतले तुकडे, तिबेटीतले मोजके पाठ आणि निरनिराळ्या संप्रदायांचे विनय, म्हणजे भिक्खूसंघाचे नियमग्रंथ, एवढा त्याचा पसारा. पैसे द्यावे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. चारही मुख्य निकायांचं सुजातोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१८ मध्ये पूर्ण झालं आणि त्यावरचे हक्क त्यांनी सोडून दिलेले आहेत. त्यामुळे हँडआउट छापा, शंभर प्रती काढा, त्यात खुणा करा, परवानगीचा प्रश्न येत नाही. ज्यांनी कधी वाचनसंचासाठी प्रकाशकांशी पत्रव्यवहार केला आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

खरी ताकद मात्र भाषांतरात नाही, ती समांतर पाठांच्या सूचीत आहे. एखादं सुत्त, म्हणजे एखादा उपदेश, उघडलं की त्याचे इतर भाषांतले आणि इतर संप्रदायांतले जुळे पाठ दिसतात. अशा सूचीचा पाया जपानी विद्वान अकानुमा यांनी १९२९ मध्ये छापील रूपात घातला होता. इथे तीच कल्पना वाढवून एका क्लिकवर आणली आहे. दीघनिकायातलं ३१वं सुत्त, म्हणजे गृहस्थाची कर्तव्यं सांगणारं सिगालोवाद, घ्या. त्याच्यासमोर दीर्घ आगमातलं १६वं सूत्र, मध्यम आगमातलं १३५वं आणि चिनीतली दोन स्वतंत्र भाषांतरं दिसतात. विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं की बुद्धवचन म्हणजे एकच एक पोथी नव्हे. तोच उपदेश निरनिराळ्या समाजांनी आपापल्या हातांनी जपला आणि जपताना बदललाही.

हा बदल किती ठोस असतो, ते इथेच पाहता येतं. पाली सिगालोवादात पतीची पाच कर्तव्यं आणि पत्नीचीही पाचच. मध्यम आगमातल्या चिनी पाठात पत्नीची तेरा होतात आणि पतीची पाचच राहतात. वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. चर्चा आपोआप सुरू होते. पण तिथे एक सावधगिरी हवी. 'चीनमध्ये स्त्रीवर जास्त बंधनं होती म्हणून तेरा' असं उत्तर पहिल्या पाच मिनिटांत येतंच, आणि ते तसंच सोडायचं नाही. मध्यम आगमाचं चिनी भाषांतर ३९७-३९८ मध्ये झालं. ते ज्या भारतीय प्रतीवरून केलं तिच्यातच तेरा होती का, की भाषांतरकाराने वाढवली, हे केवळ चिनी पाठ पाहून ठरत नाही. समांतर पाठ हा पुरावा असतो, पण कशाचा, ते दर वेळी वेगळं शोधावं लागतं. हा धडा सुत्तसेंट्रल स्वतःहून देत नाही. तो शिक्षकानेच द्यायचा असतो.

आता मांडणीविषयी. वर्गाआधी पंधरा मिनिटं दिलीत तर पुढचं सेमिस्टर सोपं जातं. सुत्त उघडा, वरच्या 'व्ह्यूज' या पर्यायात जा. मूळ आणि भाषांतर शेजारी-शेजारी दिसेल असं करा, संदर्भ क्रमांक चालू करा आणि पालीची लिपी देवनागरी निवडा. मग पत्त्याच्या पट्टीतली अख्खी लिंक, प्रश्नचिन्हानंतरच्या शेपटासकट, कॉपी करून विद्यार्थ्यांना पाठवा. त्या शेपटातच मांडणी, संदर्भ आणि लिपी साठवलेली असते. ते कापून पाठवलं तर प्रत्येकाला पान वेगळं दिसतं आणि पहिली दहा मिनिटं 'सर, माझ्याकडे पाली दिसत नाही' यात जातात. ही निवड त्या-त्या ब्राउझरमध्येच राहते, दुसऱ्या यंत्रावर जात नाही. त्यामुळे वर्गातल्या प्रोजेक्टरच्या संगणकावर ती पुन्हा करावी लागते.

देवनागरीचा पर्याय मराठी वाचणाऱ्यांसाठी नुसती सोय नाही, ते एक अध्यापनाचं साधनच आहे. रोमन लिपीतली पाली पाहून जो विद्यार्थी पान उलटतो, तोच देवनागरीत 'गहपति', 'पुञ्ञ', 'दुक्ख' वाचताना थांबतो. मागे त्याला गृहपती, पुण्य, दुःख ऐकू येतात. पाली न शिकलेल्या वर्गालाही अशी पाच-सात ओळींची मजल सहज मारता येते. शब्दावर क्लिक करून अर्थ पाहण्याची सोय आहे. ती चालू ठेवा, पण समास फोडताना ती चुकते हेही सांगून ठेवा.

क्रमांकांची भाषा पहिल्याच दिवशी शिकवावी लागते. डीएन म्हणजे दीघ, एमएन म्हणजे मज्झिम, एसएन संयुत्त, एएन अंगुत्तर. चिनी बाजूला दीर्घ, मध्यम, संयुक्त आणि एकोत्तर आगमांसाठी डीए, एमए, एसए, ईए. सगळ्यात जास्त घोळ एमएन आणि एमए यांत होतो. एमएन १० म्हणजे सतिपट्ठान सुत्त, त्याचा चिनी जुळा एमए ९८. विद्यार्थी एमए १० उघडतो, तिथे भलतंच काही निघतं आणि निबंधात मग 'चिनी परंपरेत सतिपट्ठानाचा विषय वेगळा आहे' असं ठामपणे लिहून येतं. दर सेमिस्टरला दोन-तीन जण हे करतातच. उपाय साधा आहे. पहिल्या गृहपाठात दहा क्रमांक द्यायचे आणि प्रत्येकाचं नाव, भाषा आणि भाषांतराचा काळ लिहून आणायला सांगायचं.

विनयाचे संकेत त्याहून लांब. पीएलआय-टीव्ही-बीयू-व्हीबी-एनपी१८ हे पाहून घाबरायला होतं, पण प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे. भाषा पाली, संप्रदाय थेरवाद, भिक्खूंसाठी, विभंगातला (नियमांच्या विवरणातला), निस्सग्गिय पाचित्तिय (घेतलेली वस्तू सोडून द्यायला लावणारा नियम) क्रमांक १८. हे एकदा फोडून दाखवलं की पुढे कुणी अडत नाही.

आणि विनयाकडेच जास्त लक्ष द्या, कारण या कोर्ससाठी सुत्तसेंट्रलचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. सुत्तांतून विचार कळतो. समाज कळतो तो विनयातून. भिक्खू ब्रह्माली यांचं विनयाचं भाषांतर तिथे मूळ पालीच्या शेजारी आहे. वर्गासाठी आमची पहिली शिफारस खंधकातल्या, म्हणजे विनयाच्या संघाच्या कारभारावरच्या भागातल्या, पहिल्या प्रकरणाची, महाखंधकाची. ते प्रचंड लांब आहे. अख्खं वाचायला दिलंत तर कुणीच वाचणार नाही, आणि मोबाइलवर पान सरकता सरकत नाही. म्हणून फक्त विभाग ३९, ४०, ४६, ४७, ५४, ६३ आणि ७६ द्या. एका बैठकीत वाचून होतात.

उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या दीक्षेच्या, वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारतात ते ७६व्या विभागात आहेत. ते देवनागरीत पडद्यावर लावा आणि मोठ्याने वाचून घ्या. आधी पाच रोग विचारले जातात: कुट्ठं, गण्डो, किलासो, सोसो, अपमारो. कुष्ठ, गळू, कोड, क्षय, फेफरं. मग, मनुस्सोसि? पुरिसोसि? भुजिस्सोसि? अणणोसि? नसि राजभटो? अनुञ्ञातोसि मातापितूहि? माणूस आहेस ना, पुरुष आहेस ना, कुणाचा दास नाहीस ना, कर्ज नाही ना, राजाचा शिपाई नाहीस ना, आईबापांची परवानगी आहे ना. शेवटी वय वीस पूर्ण आहे का आणि पात्र-चीवर आहे का. असे तेरा प्रश्न झाले की नाव आणि उपाध्यायाचं नाव विचारतात.

बहुतेक प्रश्नांमागची कथा आधीच्या विभागांत आहे, आणि म्हणूनच ते सात विभाग एकत्र द्यायचे. मगधात रोगराई पसरली तेव्हा जीवक वैद्य राजाचे आणि संघाचे उपचार करत असे. म्हणून लोक बरं होण्यापुरते भिक्खू होऊ लागले. बिंबिसाराचे शिपाई सरहद्दीवरच्या लढाईत पाप घडेल या भीतीने संघात आले, तेव्हा राजाच्या अधिकाऱ्यांनी अशा उपाध्यायाचं डोकं उडवावं असा सल्ला दिला. कर्जदार आला, त्याला पाहून सावकार ओरडले. दास आला, मालक ओरडले. राहुलाला दीक्षा दिल्यावर शुद्धोदनाने दुःखाने मागणी केली की इथून पुढे आईबापांना विचारल्याशिवाय मुलांना घेऊ नका. एक नाग माणसाचं रूप घेऊन आला, म्हणून 'मनुस्सोसि'.

एवढं वाचून झालं की वर्गासमोर समाजाची चौकट उभी राहते. राजा, सैन्य, सावकार, दासांचे मालक, कुटुंब, वैद्य. संघ या सगळ्यांशी तडजोड करत वाढला. आजही थेरवादी देशांत उपसंपदेत हेच प्रश्न पालीतच विचारले जातात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त हलवते. जमलं तर एखाद्या विधीची ध्वनिफीत ऐकवा. त्यांना शब्द ओळखू येतात.

मग विचारा, या यादीत काय नाही? बराच वेळ शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं, जात नाही. हा क्षण वाया घालवू नका, आणि त्यावर थांबूही नका. 'बौद्ध धर्मात जात नव्हती' असं वाक्य लगेच वहीत उतरतं. त्याच तासाला श्रीलंका आणा. १७५३ मध्ये तिथे सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, भिक्खू बोलावून उपसंपदा पुन्हा सुरू झाली, आणि काही वर्षांतच ती गोयिगम या वरच्या जातीपुरती राहिली. बाकीच्या जातींतल्यांना बर्मात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली. १८०३ मध्ये ते परतल्यावर अमरपूर निकाय (इथे निकाय म्हणजे भिक्खूंचा गट) उभा राहिला. प्रश्नांची यादी तीच, तेरा प्रश्न तेच, आणि तरीही दारात एक न विचारलेला चौदावा प्रश्न उभा होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षा शिकवताना याच यादीकडे परत या. तिथे उपसंपदेऐवजी बावीस प्रतिज्ञा आहेत आणि दीक्षा घेणारे भिक्खू नाहीत, उपासक आहेत. प्रवेशाची अट काय असावी, हा प्रश्न पूर्ण उलटा होतो.

एकच प्रश्न धरून अनेक समाजांतून जायचं, ही पद्धत 'एक आठवडा एक देश' या नेहमीच्या पद्धतीपेक्षा आम्हाला कितीतरी चांगली वाटते. देशवार मांडणीत विद्यार्थ्याला बारा वेगळी चित्रं मिळतात आणि एकही सांधा मिळत नाही. 'भिक्खू कोण होऊ शकतो आणि ते कोण ठरवतं' हा धागा धरला, तर सुत्तसेंट्रलवरच्या सूचीतून सहा-सात विनयांपर्यंत सरळ जाता येतं. भिक्खूंचे नियम थेरवादात २२७, धर्मगुप्तक या संप्रदायात २५०, तिबेटात पाळल्या जाणाऱ्या मूलसर्वास्तिवादात २५३. भिक्खुणींचे थेरवादात ३११, धर्मगुप्तकांत ३४८. आकड्यांत फार जाऊ नका. कोणता विनय कुठे गेला, एवढं नकाशावर रंगवून घ्या. थेरवाद श्रीलंका आणि आग्नेय आशियात, धर्मगुप्तक चीन, कोरिया, व्हिएतनामात, मूलसर्वास्तिवाद तिबेट-मंगोलियात. भिक्खुणी-उपसंपदेवरचा आजचा वाद, म्हणजे एका विनयाच्या स्त्रियांना दुसऱ्या विनयाच्या आधाराने ती देता येते का, या नकाशाशिवाय समजतच नाही. ४३३च्या सुमारास श्रीलंकेतल्या भिक्खुणींनी चीनमध्ये जाऊन उपसंपदा दिली होती. त्याच धर्मगुप्तक परंपरेच्या आधाराने १९९८ मध्ये बोधगयेत थेरवादी स्त्रियांना उपसंपदा मिळाली. आणि २०२२ मध्ये भूतानमध्ये १४४ स्त्रिया भिक्षुणी झाल्या.

इथपर्यंत संकेतस्थळ साथ देतं. पुढे ते सोडून द्यावं लागतं, आणि ते कुठे सोडायचं हे ओळखणं महत्त्वाचं. चीनमध्ये ७५५ नंतरच्या बंडाळीत सरकारने भिक्षू होण्याचे दाखले विकून पैसा उभा केला. ८४५ मध्ये वूझोंग बादशहाने ४,६०० हून अधिक विहार मोडले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं. कारण उघड आहे. दीक्षा घेतलेला माणूस कराच्या आणि वेठीच्या यादीतून निघून जायचा. जपानमध्ये १८७२च्या सरकारी हुकमाने भिक्षूंना लग्न आणि मांसाहार यांची मोकळीक दिली. सयाममध्ये १९०२च्या कायद्याने अख्खा संघ एका प्रशासनाखाली आला. 'राजभट आहेस का' हा राजाचा जुना आक्षेप प्रत्येक ठिकाणी नव्या रूपात येतो. पण यातलं एकही कागदपत्र सुत्तसेंट्रलवर नाही, आणि नसणं साहजिकच आहे. ते त्याचं कामच नव्हे.

पैशाचा विषय शिकवताना ही उणीव सगळ्यात जास्त जाणवते. निस्सग्गिय पाचित्तिय १८ म्हणतो, भिक्खूने सोनं-रुपं घेऊ नये. तेवढंच वाचून विद्यार्थी लिहितो, 'विहारांकडे पैसा नसे.' त्याच्या शेजारी सांचीचा ४५०-५१चा शिलालेख ठेवा. हरिस्वामिनी नावाची उपासिका संघाला १२ दिनार 'अक्षयनीवी' म्हणून देते. मुद्दल कायम राहायचं, त्याच्या व्याजातून रोज एका भिक्षूला जेवण. आणखी ३ दिनार रत्नगृहातल्या दिव्यांसाठी आणि १ दिनार चार बुद्धमूर्तींपुढच्या दिव्यासाठी. गुप्तकालीन लेखांच्या जुन्या खंडात वाचन आणि भाषांतर दोन्ही मिळतं, हक्क केव्हाच संपलेले आहेत, ते पान स्कॅन करून द्या. मग चीनमधल्या हुआदू विहाराचा 'अक्षय कोश' घ्या. तो इतका वाढला की ७१३ मध्ये बादशहाने बंद केला. नियम, शिलालेख आणि राजाज्ञा, असे तीन कागद एकत्र आले की विषयाला वजन येतं. नुसत्या नियमावर शिकवलेला तास पोकळ राहतो.

संकेतस्थळाची आणखी एक मर्यादा त्याच्या मूळ भूमिकेतच आहे. 'आरंभीचे ग्रंथ' हा शब्द तटस्थ नाही. जे जुनं ते अस्सल, असा एक सूर त्यात नकळत मिसळतो, आणि विद्यार्थी तो फार लवकर उचलतात. मग थायलंडमधलं वेस्संतर जातकाचं तेरा सर्गांचं पठण किंवा चीनमधली पितरांसाठीची पूजा त्यांना 'भेसळ' वाटू लागते. आग्नेय आशियातल्या कितीतरी गावांत लोकांनी धर्म शिकला तो वेस्संतरातूनच. आणि नेमकं तिथेच हे साधन तोकडं आहे. जातक ५४७ उघडलं तर पाली बाजूला गाथाच दिसतात, कारण गद्य कथा अट्ठकथेत, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथात, आहे आणि अट्ठकथा इथे नाहीत. महायान सूत्रं नाहीत, म्हणजे पूर्व आशियाचा जवळजवळ सगळा लोकधर्म बाहेर. म्हणून पहिल्याच तासाला सांगून टाका की हे संकेतस्थळ अभ्यासाचा एक थर दाखवतं.

भाषांतराच्या शब्दांबद्दल. सुजातोंचं इंग्रजी स्वच्छ आहे, वाचायला सोपं आहे, आणि वर्गासाठी ते फार मोठं सुख आहे. पण त्यांनी भिक्खूसाठी 'मेंडिकंट', समाधीसाठी 'इमर्शन', झानासाठी (ध्यानासाठी) 'अब्सॉर्प्शन' असे शब्द निवडले आहेत. विद्यार्थी शोधपेटीत 'मंक' टाकतो, त्याला हवं ते सापडत नाही आणि तो विषयच नाही असं समजून परत येतो. शोध नेहमी पाली शब्दानेच घ्यायला शिकवा. दुसरं, ही भाषांतरं सतत सुधारली जातात. जुलैत काढलेलं हँडआउट आणि नोव्हेंबरमधलं पडद्यावरचं पान यांत शब्द वेगळे असू शकतात, आणि परीक्षेत उताऱ्यावर प्रश्न असेल तर भांडण ठरलेलं. म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळी वाचनं पीडीएफ करून ठेवा, वर तारीख घाला, आणि उद्धरणात पानाऐवजी वाक्यखंडाचा क्रमांक, म्हणजे 'डीएन ३१:१.१' अशा पद्धतीचा, मागा. निकायांच्या ईपब आणि पीडीएफ आवृत्त्या तिथेच मोफत मिळतात. इंटरनेटची खात्री नसलेल्या वर्गासाठी त्या आधीच उतरवून घ्या.

शेजारी-शेजारी दाखवण्याची सोय सगळ्याच भाषांतरांना नाही. जुन्या अनुवादकांची भाषांतरं अशा वाक्यखंडांत तोडलेली नसतात, ती सलग मजकूर म्हणूनच दिसतात. चिनी आगमांचंही सगळं इंग्रजीत नाही. बरेच पाठ फक्त चिनीत उघडतात. समांतर पाठावर गृहपाठ देण्याआधी तो इंग्रजीत आहे की नाही, हे स्वतः उघडून पाहा. यादीत नाव दिसतं म्हणून भाषांतर असेलच असं नाही. ही चूक झाली की अख्खा गट रात्री अकरा वाजता चिनी अक्षरांकडे बघत बसतो.

पूरक साधनांपैकी तीन जवळ ठेवा. तिबेटी बाजूसाठी ८४००० हा प्रकल्प उत्तम आहे. प्रत्येक भाषांतराला चांगली प्रस्तावना, तिबेटी-संस्कृत-इंग्रजी शब्दसूची, पीडीएफ मोफत. दीक्षेवरचं मूलसर्वास्तिवादी प्रकरण तिथे तोह १-१ या सूचीक्रमांकाखाली आहे. वर सांगितलेल्या पाली प्रश्नावलीच्या शेजारी ते ठेवलं की एक पूर्ण तास सहज भरतो. चिनी मूळ पाठांसाठी तैवानमध्ये १९९८ पासून चाललेला सीबीईटीए हा चिनी बौद्ध ग्रंथांचा संगणकीय संग्रह. चिनी येत नसेल तर त्याचा वर्गात फारसा उपयोग नाही, एखादं अक्षर किती वेळा येतं एवढं मोजण्यापुरता. महायान सूत्रांच्या इंग्रजी भाषांतरांसाठी जपानच्या बुक्क्यो देन्दो क्योकाईच्या मोफत पीडीएफ. अट्ठकथा पालीतून वाचणारे असतील, तर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचा छट्ठ संगायन (सहाव्या संगीतीत ठरलेला) पाठ देवनागरीत आहे. त्यातलं मूळ आणि सुत्तसेंट्रलवरचं मूळ एकाच १९५४-५६च्या संगायनातून आलेलं असल्याने ओळी सहसा जुळतात. जुन्या वाचनसूचींत 'ॲक्सेस टू इनसाइट'च्या लिंक असतात. ते संकेतस्थळ २०१३ नंतर वाढलेलं नाही. वाचायला हरकत नाही, पण कोर्स त्यावर उभा करू नका.

गृहपाठाचा एक प्रकार या साधनाला चपखल बसतो. चार जणांचा गट, दोन आठवडे, बाराशे शब्द. एक नियम किंवा एक उपदेश निवडायचा. पहिल्या आठवड्यात त्याचे किमान दोन समांतर पाठ शोधून फरक कोष्टकात मांडायचा: कोणता संप्रदाय, कोणती भाषा, भाषांतर कधी झालं, नेमकं वाक्य काय. दुसऱ्या आठवड्यात त्या नियमाला भिडणारा एक शिलालेख, कायदा किंवा प्रवासवर्णन आणायचं. फाहियान ३९९ ते ४१४ या काळात फिरला, ह्युएनत्संग ६२९ ते ६४५, इत्सिंग ६७१ ते ६९५. इत्सिंगने तर विहारांतल्या रोजच्या व्यवहाराचेच तपशील टिपले आहेत, म्हणून या गृहपाठाला तो सगळ्यात उपयोगी. गुण देताना निम्मे दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. नाहीतर सगळे पहिल्याच भागात रमतात, कारण तो क्लिक करून होतो आणि दुसऱ्यासाठी ग्रंथालयात जावं लागतं.

गृहपाठ तपासताना तीन गोष्टी आधी पाहा. समांतर पाठाला 'मूळ' म्हटलं आहे का. पूर्ण समांतर आणि नुसतं साम्य यांच्या खुणा तिथे वेगळ्या आहेत, त्या विद्यार्थ्याने पाहिल्या आहेत का. आणि चिनी भाषांतराची तारीख हीच ग्रंथाची तारीख धरली आहे का. तिसरी चूक सर्वांत जास्त होते. संयुक्त आगमाचं भाषांतर ४३५ नंतर झालं, म्हणून तो पालीपेक्षा 'नवा', असं गणित मांडलं जातं. भाषांतर त्या वर्षीचं असतं, मजकूर कितीतरी आधीचा असू शकतो.

कुणी वापरू नये? ज्यांचा कोर्स केवळ आधुनिक समाजांवर आहे, म्हणजे वसाहतकाळ, राष्ट्रवाद, स्थलांतरित समाज, त्यांना सुत्तसेंट्रलचे दोनच तास पुरतील. एक महाखंधकाच्या प्रश्नांचा, आणि एक दीघनिकायातल्या २७व्या अग्गञ्ञ सुत्ताचा. लोकांनी निवडलेला पहिला राजा, महासम्मत, तिथून बर्माच्या धर्मशास्त्रांत गेला, आणि राजसत्तेवरच्या चर्चेत त्याचं नाव घेतलं जात राहिलं. बाकी कोर्ससाठी त्यांना कायदे, वृत्तपत्रं आणि क्षेत्रकार्य यांकडेच जावं लागेल.

पदवीपूर्व वर्गाला मोबाइलवर वाचायला लावू नका. शेजारी-शेजारी मांडणी छोट्या पडद्यावर मावत नाही, ओळी एकाखाली एक येतात आणि कोणतं वाक्य कशाचं भाषांतर आहे हे सुटतं. महाखंधकाचे सात विभाग दोन्ही बाजूंनी छापून द्या, डावीकडे देवनागरी पाली, उजवीकडे भाषांतर, मधे लिहायला तीन बोटं जागा.